भाराइतका गूळ

“पोट फाडू द्यायचं नाही, शालन. मी वाडीहून येईस्तोवर कुणी कितीही घाबरवू दे, कागदाला हात लावायचा नाही. सही सोड, अंगठासुद्धा उठवायचा नाही.”

“मला सही येते, वन्सं.”

“तीच तर भीती आहे.”

वन्सं एसटीच्या खिडकीत बसल्या होत्या, मी खाली उभी होते. आपण हे हळू आवाजात सांगतोय असं त्यांचं मत होतं. सगळा स्टँड ऐकत होता. कंडक्टर म्हणाला, “आजी, कुणाचं पोट फाडायचं का नाही ते लवकर ठरवा, मला घंटी मारायचीय.”

वन्संनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कनवटीची पुडी सोडून जाखाईचा अंगारा माझ्या तळहातावर ठेवला. “आता बोल.”

“नाही लावणार हात,” मी म्हणाले.

जाखाई आमच्या गावच्या डोंगरावरची देवी. तिचा अंगारा हातात घेऊन शब्द मोडणाऱ्याचं काय होतं, हे वन्संनी मला लग्न होऊन आल्यापासून सांगितलं होतं. दर वेळी शिक्षा वेगळी असायची. कधी वाचा जायची, कधी डोळे. एकदा नुसतेच केस गेले होते, पण त्या दिवशी वन्संना बरं नव्हतं.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, गोदावरी. मुंबईला दिलेली. तरुणपणीच सासर सोडून भावाकडे आल्या त्या कायमच्या. का आल्या हे मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती नव्हती. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. माझी सून रेवती हिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही आमच्याकडेच करायचं ठरलं. मुलगा मस्कतला. तेव्हा ते बाळंतपणही वन्संनीच हाती घेतलं, आणि पहिली गोष्ट केली ती रेवतीचं जेवण तोडलं.

“पोर मोठं झालं की अडतं,” त्या म्हणायच्या. “अडलं की डॉक्टर सुरी काढतो. म्हणून पोर लहानच राखायचं. लहान पोर कसं सुळकन येतं.”

“सुळकन यायला तो काय मासा आहे का, आक्का?” हे म्हणायचे.

“दामू, तू गप्प बस. तू पालथा आला होतास. आईला विचार.”

आई वर जाऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे विचारणं राहिलं.

रेवतीला अर्धी भाकरी, पातळ आमटी. संध्याकाळी दूध बंद. ते गरीब पोर ताटाकडे बघायचं, मग माझ्याकडे. मी मुळात हळू बोलणारी. वन्संशी वाद घालायचा तर आवाज लागतो, तो देवानं मला दिलेला नाही. देवानं मला फक्त देव दिले आहेत. मग मी तेच कामाला लावले.

माझे नेम तसे लहानपणापासूनचे. त्या वर्षी मी ते वाढवले. प्रत्येक नेमाला नैवेद्य असतो, नैवेद्याचा प्रसाद होतो, आणि प्रसाद गरोदर बाईला नाकारण्याची हिंमत वन्संच्यातही नव्हती. सोमवारी शंकराला शिरा, तुपानं थबथबलेला. शुक्रवारी जिवतीला पुरण. मारुतीला शनिवारी नारळ असतो हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मारुतीला वाटीभर साजूक तुपातले लाडूही लागायला लागले. गुरुवारी दत्त होतेच. बुधवार तेवढा मोकळा सापडला, तर मी बुध-बृहस्पतीचं चित्र भिंतीला चिकटवून त्या दोघांना खीर सुरू केली.

“शालन, तुझे देव फार खातात गं,” वन्सं म्हणाल्या.

“श्रावण ना, वन्सं.”

तेव्हा आषाढ चालू होता.

हे माझ्या कानाशी म्हणाले, “तेहतीस कोटी आहेत. पुरवून पुरवून वापर.”

पण माझ्या देवांनी कितीही वाहतूक केली तरी रेवतीच्या अंगाला काही लागेना. पाय सुजले, चेहरा सुजला, आणि पोट होतं तेवढंच राहिलं. वन्संना ते बघून समाधान वाटायचं. जाखाईला त्यांनी नवस बोलला होता: न फाडता सुटली तर बाळाच्या भाराइतका गूळ, अनवाणी चालत. त्या नवसाला जोर यावा म्हणून त्या वाडीला सप्ताहाला बसायला निघाल्या. दिवस भरायला अजून महिना होता. त्या बसमध्ये बसल्या, मी अंगारा घेऊन घरी आले, आणि पुढच्याच सोमवारी रेवती सकाळी म्हणाली, “आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत.”

डॉक्टर बागवान म्हणजे चाळिशीतली, दणदणीत आवाजाची बाई. वडील मंडईत फळं विकायचे, पोरगी शिकून डॉक्टर झाली, पण आवाज मंडईतलाच राहिला. तिनं रेवतीला तपासलं, दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, पोटावर फीत लावली, आणि माझ्याकडे वळली.

“हिला खायला काय घालता?”

“प्रसाद,” मी म्हणाले.

तिनं फीत गुंडाळून खिशात टाकली. मग म्हणाली, “आत्ताच्या आत्ता दाखल करा. दिवसभर बघू. बीपी उतरलं तर ठीक. नाहीतर बाळ काढायला लागेल.”

“कसं काढायला?”

“जसं निघेल तसं.”

दिवसभर औषधं चालली. वाडीला वन्सं उतरल्या होत्या त्या धर्मशाळेत यांनी फोन लावला. आजी पारायणात बसल्यात, मधनं उठत नाहीत, असं उत्तर आलं. मी रेवतीच्या उशाशी बसून माळ ओढली. तो श्रावणी सोमवार होता. माझा दिवसभर कडक उपास, आणि संध्याकाळी सोमवार सोडायचा तो मौनानं. तोंडात पहिला घास गेला की शेवटचा संपेपर्यंत शब्द काढायचा नाही. शब्द निघाला तर पानावरून उठायचं, आणि मग दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी सातव्या वर्षी आईच्या शेजारी बसून हा नेम धरला. तापात पाळला, लग्नाच्या पंगतीत पाळला. एकदा जेवताना पायावरनं विंचू गेला, तर मी फक्त पाय उचलला.

दिवेलागणीला यांनी घरनं डबा आणला. बाहेरच्या पडवीत चटई टाकली, केळीचं पान मांडलं, मी पानाभोवती पाणी फिरवलं आणि वरणभाताचा पहिला घास घेतला. त्याच क्षणी दार उघडून बागवान बाई कागद घेऊन आली. देवाला माझी परीक्षा घ्यायची होती यावर माझा विश्वास आहे. फक्त त्यानं निदान अळूची भाजी खाऊ द्यायला हवी होती.

“आजी, बीपी उतरत नाही. बाळाचे ठोके मधेच मंदावतायत. सिझर करावं लागेल. सही पाहिजे.”

मी घास चावत तिच्याकडे बघितलं.

“ऐकू येतंय ना?”

“येतं,” हे म्हणाले. “पण ती बोलणार नाही. तिचा सोमवार आहे.”

“सोमवार माझापण आहे. म्हणजे काय?”

“मौन. जेवण संपेपर्यंत.”

“आणि जेवण कधी संपणार?”

यांनी माझ्या पानाकडे बघितलं. “अजून भाजी आहे, कोशिंबीर आहे, मग दहीभात. आणि ती पानात टाकत नाही.”

“मग तुम्ही सही करा.”

हे खाली बघायला लागले. “आक्का आल्याशिवाय...”

“कोण आक्का?”

“माझी बहीण. तिनं हिच्या हातात अंगारा ठेवलाय. पोट फाडू द्यायचं नाही म्हणून.”

बागवान बाई भिंतीला टेकली. “माझ्या दवाखान्यात एक मौनात आहे, एक आक्काच्या धाकात आहे, आणि एक अंगारा आहे. पेशंटच्या नवऱ्याचं काय?”

“मस्कत.”

“उत्तम.”

मी जेवायला लागले होते. खोटं कशाला सांगू, देवाला दिलेलं अन्न मी आयुष्यात कधी इतक्या घाईनं गिळलं नव्हतं. चावायचं सोडलं. भाजी भातात, कोशिंबीर भाजीत. मनात हिशेब चालला होता: पान संपलं की मौन संपतं, मौन संपलं की बोलायला मी मोकळी. पण मोकळी होऊन काय बोलणार होते? अंगारा तर हातात घेतलाच होता. एका बाजूला शंकर, दुसऱ्या बाजूला जाखाई, आणि दोघांच्या वर वन्सं.

आतून रेवतीनं हाक मारली. “आई...”

दार उघडंच होतं. ती खाटेवर कुशीवर वळली होती, पोटाला पट्टे लावलेले, आणि शेजारच्या यंत्रातून बाळाच्या काळजाचा आवाज येत होता. घोडा पळतो तसा टपटप टपटप. आम्ही ऐकत असतानाच तो घोडा थकला. टप... टप. बागवान बाई आत धावली.

“आई, मी काय करू?” रेवती म्हणाली. “आत्या नको म्हणाल्यात. तुम्ही सांगा ना.”

माझ्या तोंडात घास होता.

“काढा,” मी म्हणाले. “फाडा आणि काढा.”

मी एवढ्या मोठ्यानं बोलले की कोपऱ्यात डुलकी घेणारी आया उठून उभी राहिली. यांच्या तोंडाचा आ झाला. मी पानावरून उठले. निम्मं पान तसंच भरलेलं. आत गेले, कागद ओढला, दाखवतील तिथे सही केली. हात धुवायचा राहिला होता, त्यामुळे सहीच्या शेजारी वरणाचा अंगठाही उठला, पिवळाधमक. म्हणजे सही आणि अंगठा, वन्संनी नको म्हटलेल्या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर झाल्या.

बागवान बाईनं कागद बघितला. “आवाज आहे की तुम्हाला.”

मुलगी झाली. भिजल्या मांजरासारखी रडली, पण रडली. वजन एक किलो सहाशे. कातडी सुरकुतलेली, हाताची बोटं काडेपेटीतल्या काड्यांसारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. बाई म्हणाली, “आठवडा काढला तर जगेल. काढेल असं दिसतंय. रागीट आहे.”

मी रात्रभर उपाशी बसले. शंकराला म्हटलं, तुझा सोमवार मोडला, तो माझ्या नावावर लिही, पोरीच्या नको.

वन्सं दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. पारायण अर्धं टाकून आल्या होत्या. पिशवी खांद्यावर, पदर कंबरेला. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि नुसता हात पुढे केला, तळवा वर.

“अंगारा ठेवला होता इथं. तुझ्या हातात.”

“हो, वन्सं.”

“आणि तरी फाडलंस.”

“हो, वन्सं.”

“वाचा कशी गेली नाही तुझी?”

“जाईल की,” हे म्हणाले. “देवीला वेळ तर दे, आक्का.”

वन्संनी काचेतून आत बघितलं. बघितलं आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. राग नव्हता तो. त्या दोन पावलं मागे सरल्या.

“बघ,” त्या म्हणाल्या. “बघ, एवढंसं. फाडलं की असंच होतं. फाडलेलं पोर भरत नाही. ते आता जाणार. मी सांगते, जाणार ते.” मग बागवान बाईकडे वळून ओरडल्या, “तुम्ही कापता म्हणून पोरं अशी होतात!”

बागवान बाई चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला नाही.

“मावशी, कापल्यानं वजन घटायला ती काय कोबी आहे का, वरची पानं काढली?”

“मग एवढीशी का?”

“पोटातच एवढीशी होती. वाढ कधीच थांबली होती तिची. हिचं बीपी वाढलं, वारेतनं पोरीला पोचेना, आणि वर तुम्ही उपाशी ठेवलीत. माझा बाप फळं विकायचा. देठ सुकलेलं फळ झाडावर ठेवलं तर भरत नाही, गळून पडतं. उतरवलं म्हणून ते हलकं होत नाही. हलकं होतं म्हणून उतरवलं.”

“पण कापलं म्हणूनच...”

“उगाच घाई करून, दिवस भरायच्या आत मुहूर्त बघून कापलं, तर पोर हलकं निघतं, ते खरं आहे. तसले पण येतात माझ्याकडे. पण इथं तसं नाही. कालची रात्र काढली असती तर आज पेटी रिकामी असती.”

मला वाटलं, वन्सं आता हिचा कप उडवतात. पण त्या आमच्या वन्संचा वाटू नये अशा आवाजात म्हणाल्या, “तीन रत्तल म्हणजे किती हो?”

“रत्तल? आता कुठे रत्तल?” बाई हसली, मग वन्संचा चेहरा बघून थांबली. “असेल तेराशे-चौदाशे ग्रॅम. का?”

“तीन रत्तलाचं पोर जगतं?”

“आता जगवता येतं. पूर्वी फार अवघड होतं.”

“आईला दिवसाला एक भाकरी असली, आणि पाय असे सुजले असले, डोळ्यांपुढे काजवे... तर ते पोर पोटातच बारीक असतं?”

“असतं.”

“आणि आई म्हणाली, मला सोसवत नाही, कापा, काढा... पोर गेलं ते ती म्हणाली म्हणून नाही?”

बागवान बाईनं कप खाली ठेवला.

“नाही, मावशी. ती म्हणाली नसती तर दोघंही गेली असती.”

“ती म्हणाली म्हणून नाही,” वन्सं पुन्हा म्हणाल्या.

“नाही.”

त्यांनी आणखी एकदा विचारलं. बाईनं आणखी एकदा नाही म्हटलं. मग वन्सं पडवीतल्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला.

हे माझ्याजवळ आले. यांचे डोळे भरले होते. “मी तेव्हा शाळेत होतो,” हे म्हणाले. “मला एवढंच सांगितलं होतं की आक्काचं तिथं जमलं नाही.”

इतकी वर्षं एका घरात काढली आम्ही. वन्सं न्हाणीघराचं दार लावून घ्यायच्या, लुगडं आतच नेसून यायच्या, पोटावरची टाक्यांची खूण कधी दिसू दिली नाही, आणि मी त्याला सोवळं समजत होते.

तिसऱ्या दिवशी बाईनं पोरीला पेटीतून बाहेर काढलं. म्हणाली, हिला आता माणसाची ऊब पाहिजे, उघड्या छातीला उघडं धरायचं, तासन्‌तास. रेवतीचे टाके ओले होते, ती दमायची. मी धरायची. एका दुपारी मला देवाचं राहिलं होतं, बाईनं वन्संकडे बोट दाखवलं. “मावशी, या इकडे. चोळीची बटणं काढा.”

“मी? माझं सोवळं...”

“पोरगी धुतलेली आहे.”

वन्संनी कुठे ठेवू, कुठे नको असं करत ते काडीएवढं पोर छातीला लावलं. वर शाल घेतली. तास गेला, दोन गेले. जेवायला बोलावलं तर हलल्या नाहीत. मी म्हटलं, “वन्सं, द्या आता माझ्याकडे.”

“श्शू. निजलीय.” मग खाली बघत म्हणाल्या, “शालन, उद्या बुधवार ना गं?”

“हो.”

“मग तुझ्या त्या भिंतीवरच्या दोघांना खीर कर. जास्त कर. रेवतीला दूध यायला पाहिजे.”

पोरगी दोन किलो ओलांडल्यावर आम्ही घरी आलो. ती आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, दारातून वाकून येते, आणि रागीट आहे. पण मला सांगायचं ते घरी आल्यानंतरच्या एका सकाळचं.

आदल्या दिवशी हे वन्संना चिडवत होते. “आक्का, गुळाचं काय? न फाडता सुटली तर देणार होतीस. अट मोडली. देवीला काही मागता यायचं नाही.”

“देवीला अटी घालणारी मी कोण?” वन्सं म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन दुकानात गेल्या.

सकाळी मी सडा घालायला उठले तर मागचं दार उघडं. वन्सं पायरीवर बसल्या होत्या. अंघोळ झालेली, पायांत काही नाही. समोर दोन गाठोडी. एक नातीच्या नव्या दुपट्यात बांधलेलं. दुसरं लहान, जुन्या पांढऱ्या कापडात. ते कापड धुऊन धुऊन कागदासारखं झालं होतं आणि त्याच्या एका कोपऱ्याला टोपडं शिवायला घेतल्यासारखी चुण्यांची दुमड होती. वन्संच्या ट्रंकेत तळाशी काय असेल याचा मी कधी विचार केला नव्हता.

दोन्हींतून गुळाचा वास येत होता.

“दोन, वन्सं?”

“एक हिचा.” त्यांनी लहान गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. “त्याच्यासाठीपण बोलले होते मी. पोरच राहिलं नाही म्हणून गूळही राहिला.”

मी हळूच विचारलं, “मी येऊ बरोबर?”

“नको. तुझा आज कसला तरी नेम असेल.”

“आज काही नाही, वन्सं.”

“मग धर एखादा. आत रेवती भुकेली बसलीय.”

त्या उठल्या. मोठं गाठोडं काखेत घेतलं, लहान छातीशी. वरून शाल घेतली, दवाखान्यात घेत होत्या तशी, आणि डोंगराच्या वाटेला लागल्या.